किती राहिली?

दारातच आजोबांनी विचारलं, "कोणी सोडलं तुला?"

मी म्हटलं, "टॅक्सीनं."

ते माझ्या मागे फाटकाकडे बराच वेळ बघत राहिले. टॅक्सी केव्हाच गेली होती. मग त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि आत जाऊन स्वतःच्या खोलीची कडी लावून घेतली. मी नमस्काराला वाकले होते ती तशीच राहिले. आई म्हणाली, "थंडी फार आहे ना, म्हणून दार लावून बसतात." जानेवारीत जयपूरच्या जवाहर नगरात थंडी असते हे मलाही ठाऊक आहे, मी तिसरीपासून इथंच वाढलेय. पण थंडीसाठी कोणी आतून कडी घालत नाही. शिवाय आईनं ते वाक्य इतकं तयार ठेवलं होतं की माझ्या मनात पाल चुकचुकलीच.

संशय घेणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात होते, नाझर म्हणून निवृत्त झाले. खटल्यात जप्त झालेल्या वस्तू, म्हणजे मुद्देमाल, ज्या खोलीत ठेवतात तिच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या. बाबा बँकेत. बदलीवर जयपूरला आले आणि इथंच स्थिरावले. कुठलीही सही ते कागद उजेडाकडे धरून बघतात, मग ती माझ्या प्रगतिपुस्तकावरची त्यांची स्वतःची का असेना. आई भाजीवाल्याच्या तराजूवरून नजर हलवत नाही. अशा घरातली मी. जर्मनीत वृद्धांची शुश्रूषा शिकवणारा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, शिकताना ते काम करवून घेतात, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही कुठंतरी पाणी मुरतंय असंच म्हटलं होतं.

तरी गेले, ते आजोबांसाठी. आजी गेल्यावर बाबांनी त्यांना गावाहून जयपूरला आणलं आणि वर्षभरात ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग आजी गेली हे. आमच्या घरात गणित कसं सोडवायचं हे सगळ्यांना येतं, पण विसरणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे कुणालाच येत नव्हतं. आई त्यांना दुरुस्त करायची, बाबा मोठ्यानं बोलायचे. मला वाटलं, ही जर विद्या असेल तर ती शिकून घ्यावी आणि त्यांच्याच उपयोगी आणावी. आता पहिल्यांदा महिन्याची रजा मिळून मी घरी आले होते. परत जाण्याआधी त्यांनी एकदा निर्धास्तपणे माझ्या हातून चार घास खावेत, एवढंच माझ्या मनात होतं. आणि त्यांनी मला खोलीतही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. आम्हाला शिकवलंय तसं आधी दार वाजवलं, नाव सांगितलं, काय आणलंय ते सांगितलं. कडी निघाली, दार चार बोटं उघडलं.

"आधी तू पी," ते म्हणाले.

मी एक घोट घेतला. त्यांनी माझं तोंड निरखून पाहिलं, मग कप घेतला आणि चहा खिडकीतून कुंडीत ओतला. माझ्यासमोर. गच्चीवर उन्हात बसायला येतानासुद्धा ते माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसायचे, आणि मी जवळून गेले की हात कमरेला जायचा. कमरेला आता कोर्टाच्या किल्ल्या नव्हत्या, एका गोदरेजच्या कपाटाची एकच किल्ली होती. संक्रांतीला सगळं जयपूर पतंगांसाठी छतावर होतं. मी तिळगूळ दिला, तो त्यांनी घेतला, पण तोंडात टाकला नाही. रुमालाच्या कोपऱ्यात बांधला, गाठ मारली आणि खिशात ठेवला. "नंतर बघू," म्हणाले. मुद्देमाल जमा.

मला राग आला. फार आला. आणि त्या रागाचाच मला जास्त राग आला, कारण तिकडे हेच सगळं मी हसत सोसत होते.

तिकडे म्हणजे एका छोट्या गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. काही आठवडे वर्ग, काही आठवडे काम, असं आमचं चालतं. तिथं एक बाई होत्या, पूर्वी शिवणकाम करायच्या. मी खोलीत गेले की त्या त्यांचे हातमोजे मोजायच्या. डावा मोजा नेहमीच हरवलेला असायचा आणि तो नेहमी मीच चोरलेला असायचा. "ही नवी, काळी, हिनंच घेतला," असं त्या सगळ्या मजल्याला सांगत. पहिल्यांदा मी रडले होते. आमच्या शिक्षिका म्हणाल्या, "तू घेतला नाहीस हे सिद्ध करत बसू नकोस. त्या ज्या खोलीत आहेत, तिथं तू जा. त्यांना आपल्या खोलीत ओढून आणायचं नाही." मग मी म्हणायला लागले, "चला, शोधू या." आम्ही दोघी शोधायचो. उशीखाली, बुटात, फुलदाणीत. मोजा सापडला की त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ठेवलास ना परत." मी म्हणायचे, "हो." एका मोज्यानं माझं काय जाणार होतं?

म्हणून आजोबांनाही एकदा म्हणून पाहिलं, "काय हरवलंय आजोबा? चला, शोधू या."

ते म्हणाले, "चोरानं पंचांबरोबर पंचनाम्याला यायचं नसतं."

तेव्हा माझं जर्मन शिक्षण संपलं. त्या बाईंचा आजार बोलत होता, हे मला कळायचं. इथंही आजारच बोलत असणार. पण आजारानं वाक्य मात्र माझ्या आजोबांचं घेतलं होतं, अगदी त्यांच्या ठेवणीतलं.

आता मला शोध घ्यायचा होता तो त्यांचे कान कोण भरतंय याचा. कारण चोर हा शब्द ते हवेतून काढणार नव्हते. पहिला संशय आईवर. मी स्वयंपाकघरात गेले की ती फोनवरचं बोलणं तोडायची. थोडं खोदल्यावर कळलं, आजोबांचं इतकं वाढलंय हे तिनं आणि बाबांनी माझ्यापासून लपवलं होतं, मी शिक्षण सोडून येईन या भीतीनं. व्हिडिओ कॉलच्या आधी ती त्यांना नवा सदरा घालायची, दाढी करून घ्यायची. म्हणजे इतके दिवस मला दाखवलं जात होतं ते सजवलेलं होतं. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. पण "चोर" हा शब्द आईचा नव्हता, हेही त्यात स्पष्ट झालं.

मग मी ते जुने कॉल आठवायला लागले. मी दुपारच्या सुट्टीत, कामाच्या पांढऱ्या अंगरख्यातच फोन करायचे. छातीवर फोटो आणि क्रमांकाचं कार्ड. वॉर्डात फोन वापरायला बंदी, म्हणून ठरल्या वेळी, ठरलेली काही मिनिटं. कधी वसतिगृहाच्या खोलीतून करायचे, तिथं मागे पलंग, टेबल आणि वरच्या बाजूला एक लहान खिडकी. आजोबांचे प्रश्न नेहमी तेच असत. "जेवायला देतात ना?" देतात. "काम फार करून घेतात?" घेतात. "नीट वाग हो. वागणूक चांगली असली की कमी करतात." मी हसायचे, म्हणायचे, तसं काही कमी करत नाहीत. आणि शेवटी, दर वेळी, "किती राहिली?"

हे "राहिली" मला तेव्हाही खटकलं होतं. शिक्षण नपुंसकलिंगी. किती राहिलं, असं हवं. माझ्या मराठीत हिंदी शिरून लिंगं बिघडायची तेव्हा हाच माणूस मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. मला वाटलं, आता त्यांचं व्याकरणही चाललं. त्या दिवशी मी वसतिगृहात बसून रडले होते. त्यांचं व्याकरण जाणं मला चष्मा आणि वार जाण्यापेक्षा वाईट वाटलं.

राहता राहिले शेजारचे गुरुजी. हिंदीचे निवृत्त शिक्षक, रोज सकाळी आजोबांना सेक्टरच्या बागेत फिरायला नेणारे. माणूस सज्जन. पण आमच्या घरात सज्जन माणसावर जरा जास्तच लक्ष ठेवतात. मी शाल डोक्यावरून घेऊन त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. हो, पाळत ठेवली. आजोबा आणि गुरुजी ऊन घेत शेंगदाणे खात होते. एक ओळखीचे गृहस्थ थांबले, त्यांनी विचारलं, सुना है पोती आई हुई है?

गुरुजी शुद्ध हिंदी बोलतात. पढ़ाई हा शब्द त्यांना हलका वाटतो. ते भारदस्त आवाजात म्हणाले, "हाँ, छुट्टी पर आई है. जर्मनी में है ना. वृद्धों की सेवा के लिए तीन साल की शिक्षा है उसकी."

त्या गृहस्थांनी "वाह, वाह" केलं. आजोबांनी मान खाली घातली.

तीन साल की शिक्षा. किती राहिली. शिक्षा, स्त्रीलिंगी. व्याकरण कुठंच गेलं नव्हतं, ते अगदी बरोबर बोलत होते. ज्या माणसाची उभी हयात "आरोपीला तीन वर्षांची शिक्षा" हे ऐकण्यात गेली, त्याला शेजारी रोज सकाळी हेच ऐकवत होता, वर लोक वाह म्हणत होते. पांढरा गणवेश, छातीवर क्रमांक, ठरल्या वेळी फोन, वर एवढीशी खिडकी, सक्तीचं काम. वृद्धांच्या आश्रमात. म्हणजे म्हाताऱ्यांना लुबाडलं असणार. आणि मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कोणी सोडलं तुला. मनगटं बघितली होती.

खरं तर हा घोटाळा मीच लहानपणी एकदा केला होता. शाळेतून येऊन मी त्यांना पत्रात लिहिलं होतं, "मी इथे चांगली शिक्षा घेत आहे." हिंदीत शिकणाऱ्या मुलीला काय कळणार. सुट्टीत गावी गेले तेव्हा त्यांनी मला मांडीवर घेऊन समजावलं होतं, "घेतात ते शिक्षण. देतात ती शिक्षा. विसरायचं नाही." मी विसरले नाही. तेही विसरले नाहीत, बाकी सगळं विसरले तरी.

घरी येऊन आईला सांगितलं. ती आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पदर तोंडाला लावून तशीच बसून राहिली.

त्या दुपारी मी आजोबांच्या दाराशी बसले. दार चार बोटं उघडं होतं. मी सगळं नीट सांगितलं. गुरुजींची हिंदी, आपली मराठी, शिक्षा आणि शिक्षण. जर्मनीतल्या शाळेचं ओळखपत्र दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुला असं सांगायला वकिलानं शिकवलंय का?"

"नाही हो आजोबा. मतलब, खरंच शिकतेय मी."

"कोर्टात सगळे असंच सांगतात, पोरी."

ओळखपत्रावरचा माझा फोटो त्यांनी बोटानं चाचपला. मग दाराच्या फटीतून हळूच विचारलं, "कोणाचं काय घेतलंस?"

इथं शिक्षिकेचं सांगणं आठवायला हवं होतं. त्यांच्या खोलीत जा, हो म्हण, हातमोजा म्हण, काहीतरी म्हण. पण ते माझ्या तोंडून निघेना. शिवणकामवाल्या बाईंना मी रोज हो म्हणत होते, आजोबांना नाही म्हणू शकले. मी म्हटलं, "शपथ आजोबा, मी काही घेतलं नाही."

"मग अपील का नाही केलंस?" त्यांनी विचारलं, आणि दार लावून घेतलं. या वेळी कडीचा आवाज आला नाही.

त्यानंतर मी दुरुस्त करायचं सोडलं. "किती राहिली?" असं त्यांनी विचारलं की "अर्ध्याहून कमी" म्हणायचे. ते खरंच होतं. गुरुजींना मात्र सगळं सांगून हात जोडले. ते बिचारे इतके ओशाळले की तेव्हापासून माझ्याबद्दल कोणी विचारलं तर विषय बदलतात. त्यानं आजोबांचा संशय आणखी पक्का झाला.

रजेच्या शेवटच्या रविवारी बाबांनी आम्हाला जयपूरबाहेर कानोत्याच्या धरणाच्या बांधावर सहलीला नेलं. वाटेत पोलिसांनी नाका लावला होता, सीटबेल्ट तपासत होते. एक हवालदार वाकून मागच्या काचेतून बघायला लागला. मी आणि आजोबा मागे होतो, मध्ये नेहमीचं अंतर राखून. ते एकदम सरकले, अंगावरची शाल काढून माझ्या डोक्यावरून टाकली आणि मला खांद्यानं मागे दाबत म्हणाले, "वर बघू नकोस." हवालदारानं बाबांना हातानंच पुढे जायला सांगितलं. गाडी निघाली तरी शाल तशीच होती आणि आतून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. बांधावर पोचल्यावर त्यांनी पुन्हा आपलं अंतर घेतलं. पुरीचा घास मी पुढे केला, तो नाकारला.

म्हणजे संशय होताच. मी चोर आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. फक्त पोलिसांच्या हाती द्यायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी दुपारी टॅक्सी आली. ड्रायव्हर हसतमुख, बोलका. त्यानं माझी मोठी बॅग डिकीत ठेवली आणि मी आईच्या गळ्यात पडले होते तेवढ्यात आजोबा खोलीतून बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, कोर्टात घालायचा काळा कोट, टोपी. हातात कापडी पिशवी. ते आमच्याजवळून सरळ फाटकाबाहेर गेले, टॅक्सीचं मागचं दार उघडलं आणि आत बसले. पिशवी मांडीवर घेतली. आत टॉवेल, तांब्या आणि एक जोड धोतर, हे मला नंतर दिसलं.

"इसको इधर रहने दो," ते ड्रायव्हरला त्यांच्या हिंदीत म्हणाले. "इसका बाकी का शिक्षा मैं लेगा."

ड्रायव्हरला फार मजा वाटली. "आप? इस उमर में शिक्षा लेंगे, बाबाजी?"

"चलेगा ना? उमर देखते हैं क्या उधर?"

"अरे शिक्षा में उमर कौन देखता है," ड्रायव्हर म्हणाला. "कमाल का हौसला है आपका."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं, झालं काम अशा नजरेनं. "तू घरात जा," म्हणाले. "आईला मदत कर. लहान आहेस तू अजून."

आई आत पळाली. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते, एरवी मोठ्यानं बोलणारे बाबा. मी टॅक्सीत आजोबांच्या शेजारी जाऊन बसले. खूप रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांनी मला बाहेर ढकललं असतं.

त्या क्षणी मला त्यांच्या खोलीत जाता आलं. मी म्हटलं, "आजोबा, एकाची शिक्षा दुसऱ्याला भोगता येते का? तुम्हीच सांगा. तुम्ही कोर्टात होतात."

ते विचारात पडले. पिशवीचे बंद त्यांनी दोनदा सोडले, दोनदा बांधले.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "कायद्यात बसत नाही."

"मग?"

"मग तुलाच जावं लागेल." त्यांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. संक्रांतीचा तिळगूळ होता, दगडासारखा झालेला. त्यांनी तो दाढेखाली फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात ठेवला, अर्धा माझ्या हातावर. मी खाल्ला. आम्ही दोघं टॅक्सीत बसून तो चघळत राहिलो. ड्रायव्हरनंही घाई केली नाही.

मग ते उतरले. उतरताना कमरेची किल्ली काढून माझ्या मुठीत कोंबली आणि कानाशी येऊन म्हणाले, "कपाटाची आहे. तुझ्याजवळ ठेव. तुझ्या आईला देऊ नकोस, तिचा भरवसा नाही."

ती किल्ली आता इथं जर्मनीत माझ्या लॉकरच्या किल्लीबरोबर असते. कपाटात काय आहे ते मला माहीत नाही. आई फोनवर म्हणते, कुलूपवाल्याला बोलावते. मी म्हणते, हात लावायचा नाही. फोनवर आजोबा आधी किल्ली दाखवायला सांगतात, मी कॅमेऱ्यासमोर धरते. मग ते विचारतात, "किती राहिली?"

"थोडीच राहिली, आजोबा," मी म्हणते.